आमची वाटचाल: रेणू हातात देण्याचा उद्योग

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील आमच्या छोट्या कारखान्यात रेणूंच्या प्रतिकृतींचे संच तयार होतात. काळे, पांढरे, लाल, निळे आणि हिरवे गोळे, त्यांना जोडणाऱ्या कांड्या आणि सोबत कृतिपत्रिका, एवढेच त्या संचात असते. हे उत्पादन आम्ही का सुरू केले, त्याला आजचे रूप कसे आले आणि कोणत्या वस्तू विकायच्या नाहीत हे कसे ठरत गेले, याची हकिगत आमच्याकडून संच घेणाऱ्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी येथे लिहीत आहे.

उद्योगात येण्यापूर्वी मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. डायक्लोरोमिथेनचे सूत्र देऊन त्याचे समघटक (तेच अणू, पण वेगळी मांडणी असलेले रेणू) काढायला सांगितले की अनेक वह्यांमध्ये दोन आकृत्या दिसत: एकीत क्लोरीनचे दोन अणू समोरासमोर, तर दुसरीत शेजारीशेजारी. आम्ही शिक्षकच फळ्यावर कार्बनचे चार बंध अधिकच्या चिन्हासारखे काढत असल्यामुळे, त्या चित्रावरून काढलेला हा निष्कर्ष तर्काला धरूनच होता. प्रत्यक्षात डायक्लोरोमिथेन एकच आहे, कारण कार्बनचे बंध चतुष्फलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या, चार कोपऱ्यांकडे जातात, कोणत्याही दोन बंधांमध्ये 109.5 अंशांचा कोन असतो आणि त्यामुळे ‘समोरासमोर’ अशी जागाच तेथे उरत नाही. हे मी दरवर्षी सांगत असे आणि विद्यार्थी ते लिहूनही घेत. तरीही पुढच्या प्रश्नाला पुन्हा त्याच दोन आकृत्या येत, कारण वाक्य पाठ झालेले असले तरी डोळ्यांपुढे फळ्यावरचे सपाट चित्रच असे.

ही अडचण आजची नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट हॉफमन यांनी 1865 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात क्रोकेच्या खेळातील चेंडू वापरून रेणू दाखवले. कार्बनला काळा, हायड्रोजनला पांढरा, ऑक्सिजनला लाल, नायट्रोजनला निळा आणि क्लोरीनला हिरवा हे त्यांनी वापरलेले रंग आज जगभर रूढ आहेत आणि आमच्या संचातही तेच आहेत. परंतु त्यांच्या प्रतिकृती सपाट होत्या. कार्बनचे बंध त्रिमितीत पसरलेले असतात हा विचार 1874 मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी स्वतंत्रपणे मांडला. व्हान्ट हॉफ तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते आणि त्यांनी पुठ्ठ्याचे छोटे चतुष्फलक तयार करून काही रसायनशास्त्रज्ञांना पाठवले होते. 1901 मध्ये रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक ज्यांना मिळाले त्या शास्त्रज्ञालाही आपले म्हणणे पटवण्यासाठी हातात धरता येईल अशी वस्तू द्यावीशी वाटली, ही गोष्ट मला आमच्या कामाचा आधार वाटते.

वर्गात मी प्रथम आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे वापरले. या साध्या वस्तूंतून त्रिमितीय आकार उभे करण्याची पद्धत अरविंद गुप्ता यांनी देशभर पोहोचवली आहे आणि भूमितीसाठी तिच्याइतके स्वस्त साधन मला ठाऊक नाही. मात्र रबरी सांध्याचा कोन ओढू तसा बदलतो. सायक्लोहेक्झेनचे सहा कार्बनचे कडे सपाट का राहत नाही, हे विद्यार्थ्याला प्रतिकृतीनेच सांगायला हवे, आणि त्यासाठी कोन पक्का असणे अत्यावश्यक आहे.

येथे माझ्या दिरांचा सहभाग सुरू झाला. उद्यमनगरात त्यांचे लेथ आणि ड्रिलिंगचे जॉब वर्क चालत असे. मी त्यांना एकच प्रश्न विचारला: लाकडी गोळ्यात चार छिद्रे अशी पाडता येतील का, की कोणत्याही दोन छिद्रांमधला कोन नेमका 109.5 अंश भरेल? भाऊजींनी त्यासाठी जी जिग, म्हणजे गोळा ठरावीक कोनात धरून ठेवणारी चौकट, तयार केली, तीच सुधारित रूपात आजही वापरात आहे. गोळ्यात पहिले छिद्र सरळ पाडायचे आणि जिगवरील एका खुंटीवर त्या छिद्राने गोळा बसवायचा. ही खुंटी आडव्या पातळीशी 19.5 अंशांचा कल ठेवून बसवलेली असते. मग वरून येणारे ड्रिल पहिल्या छिद्राशी बरोबर 109.5 अंशांच्या कोनात उतरते. खुंटीभोवती गोळा 120 अंशांनी दोनदा फिरवला की उरलेली दोन छिद्रेही आपापल्या जागी पडतात. कातारी गोळे कातून देत, भाऊजी छिद्रे पाडत आणि रंगकाम घरी होई.

कोन तपासण्याची आमची रीतही तेव्हापासून तीच आहे. प्रत्येक घाण्यातील काही गोळे काढून ॲडमँटेनचा सांगाडा बांधायचा. त्यात दहा कार्बन आणि त्यांच्यातील बारा बंध असून सर्व बाजूंनी बंद होणारा हा पिंजरा हिऱ्याच्या जाळीचाच एक तुकडा आहे. कोनांत थोडी थोडी चूक असली तरी ती साचत जाते आणि शेवटची कांडी बसत नाही. ती जोर न लावता बसली, तरच तो माल पुढे जातो.

लाकडाची अडचण पावसाळ्यात लक्षात आली. कोल्हापूरच्या दमट हवेत गोळे फुगत, छिद्रे आवळली जात आणि कांड्या आत अडकून मोडत. म्हणून आम्ही प्लॅस्टिककडे वळलो. चार दिशांना छिद्रे असलेला गोळा दोन भागांच्या साध्या डायमधून (साच्यातून) बाहेर निघत नाही. त्यासाठी साइड कोअर, म्हणजे बाजूने आत-बाहेर सरकणारे भाग, असलेली डाय लागते आणि तिचा खर्च आम्हाला परवडणारा नव्हता. त्यामुळे भरीव गोळे मोल्डिंग करून घ्यायचे आणि छिद्रे आपल्या जिगवर पाडायची, ही मधली वाट आम्ही धरली. काम सावकाश होते, पण कोनाची जबाबदारी आमच्याच हातात राहते.

कांड्यांची लांबी ठरवताना प्रमाण सर्वत्र एकच ठेवले. 1 नॅनोमीटरसाठी 25 सेंटिमीटर, म्हणजे पंचवीस कोटी पट, असे ते प्रमाण आहे. कार्बन-कार्बन एकेरी बंध 0.154 नॅनोमीटरचा असल्याने दोन काळ्या गोळ्यांच्या केंद्रांमधले अंतर सुमारे 3.85 सेंटिमीटर भरते आणि कार्बन-हायड्रोजनचे सुमारे 2.7. दुहेरी बंधासाठी दोन लवचीक, वाकणाऱ्या नळ्या दिल्या आहेत. त्या बसवल्यावर एथिलीनचे दोन भाग एकमेकांभोवती फिरवता येत नाहीत, आणि सिस (ठरावीक गट बंधाच्या एकाच बाजूला) व ट्रान्स (ते विरुद्ध बाजूंना) हे दोन वेगळे पदार्थ का मानायचे हे विद्यार्थ्याला बोटांनीच कळते.

प्रतिकृती जे सांगू शकत नाही, तेही कृतिपत्रिकेत स्पष्ट लिहावे असा माझा आग्रह असतो. बंध म्हणजे कांडी नव्हे आणि अणूंना हे रंग नसतात. पाण्यातील कोन 104.5 अंश आणि अमोनियातील सुमारे 107 अंश असला, तरी त्यांच्यासाठी आम्ही वेगळे गोळे काढलेले नाहीत. त्याऐवजी नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या गोळ्यांनाही चार छिद्रे ठेवून एकाकी, म्हणजे बंधात न गुंतलेल्या, इलेक्ट्रॉन जोडीसाठी फिकट रंगाच्या पाकळ्या दिल्या. दोन ते पाच अंशांचा फरक हातात जाणवत नाही, पण तो ज्या जोडीमुळे पडतो ती जोडी दिसणे मला अधिक मोलाचे वाटते.

फिशर प्रक्षेपणाची, म्हणजे त्रिमितीय रेणू कागदावर आडव्या-उभ्या रेघांनी दाखवण्याच्या पद्धतीची, पत्रिका तयार करताना आम्ही सर्वांत जास्त वेळ घेतला. कागदावरची ही आकृती 180 अंशांनी फिरवली तर चालते, 90 अंशांनी फिरवली तर चालत नाही, हा नियम स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. आमच्या पत्रिकेत विद्यार्थी लॅक्टिक आम्लाची प्रतिकृती अशी धरतो की आडवे दोन बंध त्याच्याकडे झुकलेले असतात आणि उभे दोन मागे गेलेले असतात. मग त्याने ती स्वतःच 90 अंशांनी वळवायची. आता पुढे आलेले बंध उभे आणि मागे गेलेले आडवे होतात, म्हणजे आकृतीच्या संकेताशी ही स्थिती जुळत नाही. आणि आकृती तरीही तशीच वाचली, तर तिच्यातून आरशातला दुसरा रेणू तयार होतो. हे एकदा करून पाहिलेल्या मुलीला नियम पाठ करावा लागत नाही.

त्यानंतरच्या पत्रिकेत कार्व्होन या सुगंधी पदार्थाचे दोन रेणू बांधायचे असतात. दोघांचे सूत्र तेच, बंधांचा क्रम तोच, केवळ एका कार्बनभोवतीची मांडणी आरशातल्यासारखी उलटी. त्यातील एक रूप पुदिन्याच्या तेलात मिळते, तर दुसरे बाळंतशेपात. शिक्षकांच्या कार्यशाळेत आम्ही दोन्ही वास घ्यायला देतो, आणि आपल्या नाकातील ग्राहींना डावे-उजवे ओळखता येते, याचे प्रात्यक्षिक त्याहून सोपे असू शकत नाही.

व्यवहाराच्या बाजूने एक अनुभव आमची दिशा बदलणारा ठरला. एका संस्थेने मोठी मागणी नोंदवली आणि पैसेही वेळेवर दिले. परंतु वर्षभराने गेलो तेव्हा सर्व संच कपाटात, वेष्टनासह, जसेच्या तसे होते. तेव्हापासून मोठ्या मागणीसोबत शिक्षकांची अर्ध्या दिवसाची कार्यशाळा आम्ही अनिवार्य केली आणि तिचे वेगळे शुल्क घेत नाही. तसेच स्टँडवर कायमच्या चिकटवलेल्या तयार प्रतिकृतींना मागणी असूनही आम्ही त्या करत नाही. रेणू समजतो तो जोडताना, चुकताना आणि पुन्हा सोडवताना. काचेमागची प्रतिकृती ही फळ्यावरच्या चित्रापेक्षा फार पुढे नेत नाही.

पडद्यावर रेणू दाखवणारी जेमॉल किंवा ॲव्होगॅड्रोसारखी मोफत सॉफ्टवेअर असताना संच कशाला, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. हिमोग्लोबिनसारखा प्रचंड रेणू पाहायचा तर पडद्याला पर्याय नाही, आणि कार्यशाळेत आम्ही तो तेथेच दाखवतो. परंतु पहिल्या दहा-बारा रेणूंसाठी हातच हवेत, असे माझे ठाम मत आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून अकरावीला एकदम इंग्रजी पाठ्यपुस्तक उघडणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर ते विशेष खरे आहे. म्हणून आमच्या पत्रिका दोन्ही भाषांत समोरासमोरच्या पानांवर छापलेल्या असतात.

एका अंध विद्यार्थिनीच्या शिक्षकांनी विचारणा केल्यावर गोळ्यांवर खाचा पाडण्यास सुरुवात झाली. कार्बन गुळगुळीत, ऑक्सिजनवर एक गोल खाच, नायट्रोजनवर दोन. आता सर्वच संचांत त्या असतात, कारण लाल-हिरवा भेद न कळणाऱ्या मुलांनाही त्यांचा उपयोग होतो.

सध्या अष्टफलकीय रचनेसाठी, म्हणजे मध्यभागी असलेल्या अणूभोवती सहा बंध असलेल्या रचनेसाठी, सहा छिद्रांच्या गोळ्याचे काम चालू आहे. चार अमोनिया आणि दोन क्लोराइड असलेल्या कोबाल्टच्या संकुलाचे सिस रूप जांभळे आणि ट्रान्स रूप हिरवे असते. हा रंगभेद केवळ जागेच्या फरकामुळे पडतो, हे बारावीच्या विद्यार्थ्यांना बांधून पाहता यावे असा हेतू आहे. पहिले नमुने काही शिक्षकांकडे वापरात आहेत. त्यांचे अभिप्राय आल्यावर पत्रिका अंतिम करून येत्या जूनपासून हा गोळा बारावीच्या संचात देण्यात येईल आणि जुन्या ग्राहकांना तो सुटाही मागवता येईल.