तुम्ही विचारलंत म्हणून: अब्राहामाचं दही आणि आमचं नारळाचं दूध

प्रश्न बहुतेक वेळा ताटावर बसल्यावरच येतो. "अब्राहामाने तिघा पाहुण्यांपुढे दही, दूध आणि वासराचं मांस एकदमच ठेवलं, असं तुमच्याच तोराहमध्ये लिहिलंय. मग तुम्ही बेने इस्राएल मटणाला दही का लावत नाही?" बेने इस्राएल म्हणजे आम्ही कोकणातले यहुदी, आणि तोराह म्हणजे आमचा मूळ धर्मग्रंथ, मोशेची पाच पुस्तकं: उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद. अब्राहाम आणि याकोब त्यातले आमचे पूर्वज. थोडं जास्त वाचलेले विचारतात, याकोबाने लेआ आणि राहेल या सख्ख्या बहिणी केल्या, मग लेवीयच्या अठराव्या अध्यायात ते निषिद्ध कसं? विचारण्यात बहुधा वाईट हेतू नसतो. पण "म्हणजे नियम नंतर कोणीतरी बनवले" हे वाक्य त्यामागोमाग येतं, आणि त्यावर हसून गप्प बसायचं आता पुरे झालं.

आधी स्वयंपाकघराचं सांगते, कारण गोंधळ तिथेच होतो. मूळ आज्ञा एवढीच आहे: करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको. ती तीनदा येते, दोनदा निर्गममध्ये आणि एकदा अनुवादमध्ये. तालमूदच्या (तोराहवरच्या चर्चेचा जुना ग्रंथ) रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, त्या तीन वेळांचे तीन अर्थ लावले: एकत्र शिजवायचं नाही, खायचं नाही, त्यातून कसला फायदाही घ्यायचा नाही. करडावरून नियम सगळ्या गुराढोरांवर गेला. कोंबडीला तर आईचं दूधच नसतं, ती खूप पुढे आली. गालीलच्या रब्बी योसेंच्या गावात लोक कोंबडी दुधाबरोबर खात, हे तालमूदनेच नोंदवून ठेवलंय. म्हणजे नियम वाढत गेला हे आम्ही लपवत नाही, आमच्याच ग्रंथात ते उघड आहे.

आमच्या घरी हे सोपं पडलं ते कोकणामुळे. रस्सा दाट करायला, आंबटपणा मारायला, गोडाच्या पदार्थालाही नारळाचं दूध. पहिलं दाट दूध शेवटी घालायचं आणि मग खळखळून उकळी येऊ द्यायची नाही, नाहीतर ते फाटतं. सोळाव्या शतकात क्राकोचे रब्बी मोशे इस्सेर्लेस यांनी लिहिलं, की मांसाबरोबर बदामाचं दूध वाढलंत तर शेजारी चार बदाम ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला संशय येणार नाही. कोकणात अशी खूण ठेवायची गरज नव्हती. पांढरा रस्सा बघून इथे कोणाला गायीचं दूध आठवत नाही.

अब्राहामाच्या जेवणाबद्दल दह्यापुढे कोणी जात नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं. मिठाचं विचारा ना! रक्त खायचं नाही, म्हणून मांस अर्धा तास पाण्यात भिजवायचं, मग सगळ्या बाजूंनी मीठ लावून तासभर उतरत्या फळीवर ठेवायचं, म्हणजे रक्त निथळून जातं. मग तीनदा धुवायचं. मीठ फार बारीक असेल तर विरघळून जातं आणि रक्त ओढत नाही, फार मोठे खडे असतील तर मांसाला चिकटतच नाहीत. कलेजीला मीठ पुरत नाही, ती थेट विस्तवावरच भाजावी लागते. इकडे उत्पत्तीतली गोष्ट वाचा: अब्राहाम गुरांकडे धावला, चाकराने घाई केली, बायकोला, साराला, तीन सेआ (जुनं माप) सपीठ लवकर मळायला सांगितलं. ओळीओळीत घाई आहे. दीड तासाच्या मिठाचा त्यात मागमूस नाही.

पूर्वी मी यावर एका वाक्यात उत्तर देत असे: नियम सिनाई पर्वतावर मोशेला मिळाला, अब्राहाम त्याच्या कितीतरी पिढ्या आधीचा, विषय संपला. कोणी आणखी ताणलं तर दुसरं उत्तर तयार असे: त्याने दूध आधी दिलं, मांस मागाहून, आणि त्या क्रमाला आजही परवानगी आहे. जुने भाष्यकारही हे सांगतात. पण ही दोन उत्तरं एकत्र नांदत नाहीत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. नियम आलाच नव्हता, तर क्रम कशाला सांभाळायचा? आणि तालमूदमध्येच असंही म्हटलंय, की अब्राहामाने सगळी तोराह पाळली, पुढे रब्बींनी घातलेले बारीकसारीक नियमसुद्धा. गोष्ट आणि कायदा यांत भांडण लागतं ते या वाक्यामुळे. नुसती गोष्ट कोणाशी भांडत नाही.

बाराव्या शतकात कायदेपंडित रांबामांनी (मैमोनिदेस) हे स्पष्टच सांगितलं: आम्ही मांडीची शीर खात नाही ती याकोब मांडीला मार बसून लंगडला म्हणून नव्हे, तर सिनाईवर मोशेद्वारे आज्ञा मिळाली म्हणून. मला हे पटतं. भाष्यकार रांबान (नाहमानिदेस) पुढच्या शतकातले. ते वेगळी वाट काढतात: पूर्वज तोराह पाळत ते फक्त पवित्र भूमीत, याकोबाची दोन्ही लग्नं बाहेर झाली, आणि त्या भूमीत परतल्यावर राहेल वाटेतच वारली. हे स्पष्टीकरण चतुर आहे, आणि ते वाचताना राहेलसाठी जीव तुटतो.

पण तुम्ही विचारत नाही आणि मला सोडत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. मोशेच्या आईवडिलांची. निर्गमच्या सहाव्या अध्यायात स्वच्छ लिहिलंय: अम्रामने आपल्या बापाची बहीण योखबेद बायको केली. आत्याशी लग्न. लेवीयमध्ये तेच निषिद्ध, आणि रब्बींच्या हिशेबात अशा संबंधातून झालेलं मूल ममझेर ठरतं. दहाव्या पिढीपर्यंत त्याला समाजात लग्न नाही. म्हणजे ज्याच्या हातून नियम आला, त्याचाच जन्म त्या नियमाला लावून पाहिला तर बसत नाही. उत्तर ठरलेलं आहे: सिनाईआधी ते लग्न मोकळं होतं, मागच्यांना पुढचा कायदा लागत नाही. बरोबर आहे. पण गणनामध्ये एक ओळ येते, की रानात लोक घरोघरी आपापल्या तंबूच्या दारात रडले, आणि तालमूदमध्ये एक अर्थ दिलाय: जी नाती आता निषिद्ध झाली, त्यांच्यासाठी रडले. म्हणजे कायदा आला त्या दिवशी मांडलेल्या संसारांवर आला.

हे इतकं लांबवून सांगते, कारण 1962 साली हीच फूटपट्टी आमच्या लोकांना लावली गेली. इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल मुलामुलींनी बाहेरच्या यहुद्याशी लग्न ठरवलं, की तिथल्या मुख्य रब्बीनातच्या (सर्वोच्च धर्ममंडळाच्या) निर्देशानुसार चौकशी होई: आई कोण, आजी कोण, मागे जाता येईल तितकं मागे. शंका दोन. कोकणात शेकडो वर्षं तालमूद पोचलेला नव्हता, तर घटस्फोट नियमाप्रमाणे लेखी गेट (घटस्फोटपत्र) देऊन झाले होते का? आणि निषिद्ध नात्यांत लग्नं झाली असतील तर? संशय ममझेरचा होता. आमच्याकडून उत्तर गेलं, की आमच्यात घटस्फोट जवळजवळ नव्हतेच आणि विधवा पुन्हा लग्न करत नसत, मग गेटचा घोळ होणार कुठून? (विधवांवरचा तो अन्याय आम्ही शेजाऱ्यांकडून उचलला होता, आणि त्याचीच ढाल करावी लागली. हे लिहिताना बरं वाटत नाही.) जेरुसलेममध्ये धरणं झालं. ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटने (इस्राएलच्या संसदेने) जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत. मग निर्देशातून आमचं नाव निघालं आणि ज्यांच्याबद्दल शंका असेल ते सगळे, असे शब्द आले.

हीच माणसं शनिवारी, विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवत, म्हणून शनिवार तेली. आठव्या दिवशी सुंता, खवले आणि पर असलेलीच मासळी, ओठांवर शमा, देव एकच असं सांगणारी प्रार्थना. मुंबईत 1796 साली सॅम्युएल एझेकिएल दिवेकरांनी सिनगॉग (प्रार्थनाघर) बांधलं, तेव्हा लोक त्याला मशीदच म्हणत, कारण दुसरा शब्द तोंडी नव्हता. अम्रामला जी सवलत मिळते, ती कोकणात नवगावच्या किनाऱ्यावर उतरलेल्या आमच्या पूर्वजांना का नाही?

यावर जाणकार मला अडवतात, आणि त्यांचा मुद्दा कमकुवत नाही. अम्रामच्या वेळी नियम दिलेलाच नव्हता. कोकणात तो दिलेला होता, पोचलेला नव्हता. कायद्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी स्वतःशी याच मुद्द्यावर भांडते आणि दर वेळी जिंकत नाही. मग रूथ आठवते. मवाबी (शेजारच्या मवाब देशाचा) माणूस इस्राएलच्या मंडळीत येऊ नये, असं अनुवाद सांगतो, आणि रूथ मवाबी, दावीद राजाची पणजी. दावीदाच्या कुळावर बोट ठेवलं गेलं तेव्हा रब्बींनी शब्द पुन्हा वाचला: मवाबी पुरुष, बाई नव्हे, इस्राएलांना वाटेत भाकर-पाणी घेऊन सामोरं जायचं काम पुरुषांचं होतं, ते त्यांनी केलं नाही, दोष त्यांचा. राजाला आत ठेवण्यासाठी एक शब्द इतक्या प्रेमाने वाचता आला.

आमच्या आज्यांसाठी तसा शब्द 1962 मध्ये कोणी शोधला का, हे मी विचारते. तुमचा दह्याचा प्रश्न त्यामानाने हलका आहे, आणि त्याचं उत्तर वर दिलंय: मटणात नारळाचं दूध घालतो, दही नाही, कारण तशी आज्ञा आहे.