मिरजेत ऐकलेला पूरिया

माझी गाण्याची आवड हा एक नुसता गोंधळ आहे, हे आधीच सांगून टाकते. घरात नाट्यसंगीताच्या कॅसेटी, कॉलेजात हेवी मेटल, मग नोकरीत लागल्यावर मैत्रिणीने ओढत पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला नेलं आणि तिथे जे काही झालं ते झालं. एका मेटल कॉन्सर्टला मी पार पुढे कठड्याला चिकटून उभी होते, ड्रमचा दणका कानात नाही तर बरगड्यांत लागत होता, आणि अजूनही मला ती माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात भारी संध्याकाळींपैकी एक वाटते. त्यामुळे "आम्ही फक्त शास्त्रीयच ऐकतो बुवा" वाल्यांशी माझं फारसं पटत नाही.

पण गेल्या काही वर्षांत मोठ्या महोत्सवांचा मला वैताग यायला लागलाय. रात्री दहाला स्पीकर बंद करायचा नियम आहे तो ठीक, शेजाऱ्यांना झोपायचं असतं, पण त्यामुळे मालकंससारखा मध्यरात्रीचा राग मध्यरात्री ऐकणं जवळजवळ संपलंच. आणि मग जो वेळ उरतो त्यात सत्कार, प्रायोजकांच्या जाहिराती, निवेदकाचं अलंकारिक मराठी, आणि शेवटी गाणाऱ्या बाईंना चिठ्ठी जाते की आवरा. मागच्या हिवाळ्यात अशाच एका ठिकाणाहून मी चिडून अर्ध्यातून उठून आले आणि सांगलीच्या मित्राला फोन करून भडाभडा बोलले. तो म्हणाला, "मग उरुसात मिरजेला ये की. दर्ग्यात खाँसाहेबांची सभा असते. तिकीट नाही, खुर्ची नाही, काही नाही."

खाँसाहेब म्हणजे गायक अब्दुल करीम खाँ. जन्म 1872चा, कैराना गावचा, म्हणून किराणा घराणं. पण आयुष्याची शेवटची बरीच वर्षं मिरजेत काढली आणि दफनही इथेच, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात. ऑक्टोबर 1937 मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते, वाटेत तब्येत बिघडली म्हणून एका छोट्या स्टेशनवर उतरले, तानपुरा लावायला सांगितला, दरबारी राग गायले आणि गेले, असं सांगतात. गाणाऱ्या लोकांत ही गोष्ट इतक्यांदा ऐकलीय की ती मलाच आठवते असं वाटायला लागलंय.

महालक्ष्मीने सकाळी सकाळी मिरजेला उतरले आणि लॉज शोधायला लागले. लॉज भरलेले! उरुसाची गर्दी असेल म्हटलं, तर तसं नाही, मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, कर्नाटकातून आलेले पेशंटचे नातेवाईक खोल्या धरून राहिलेले असतात. तिसऱ्या लॉजवर काउंटरवरच्या माणसाने वर न बघताच विचारलं, "पेशंट कोण?" मी म्हटलं, गाणं ऐकायला आलेय. त्याने पेन खाली ठेवलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात "इतर" लिहिलं. खोलीबद्दल एवढंच सांगते की खिडकी होती.

दुपारी मित्र सतारमेकर गल्लीत घेऊन गेला. दारादारांत भोपळे टांगलेले, काही नुसते वाळलेले, काही कापून आतून साफ केलेले. हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, कडू असतात, खायच्या कामाचे नाहीत. इथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस संपले तसे ते वाद्यांकडे वळले. आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं. गल्लीत त्याचं कौतुक आहे, पण एक चाचा म्हणाले, "कागद चांगलाय वो, पण पोरं आता मोबाईलवरच तानपुरा लावतात, आमच्याकडं कोण येतंय?" यावर मी काय बोलणार, माझ्या फोनमध्ये तेच ॲप होतं.

चाचा एका तानपुऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तारेतून झंकार यावा म्हणून घोडी, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी, घासून नेमकी करत होते. मी हा शब्द वर्षानुवर्षं ऐकत आलेय, पण प्रत्यक्ष काम पहिल्यांदा बघितलं. घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी किंचित उतार असतो, आणि तार त्या उतारावर जराशी घासत घासत थरथरते, झंकार त्यातून येतो. चाचांनी कानशीने दोन-तीन हात मारले, फुंकर मारली, तार छेडली. टण्ण. पुन्हा कानस, पुन्हा टण्ण. मग सुताचा एक बारीक धागा तार आणि घोडीच्या मधे सारला आणि नखाने तो केसभर केसभर पुढे ढकलायला लागले, दुसऱ्या हाताने तार वाजतेच आहे, टण्ण, टण्ण, टण्ण, आणि मग एका जागी तो आवाज उघडला. खरंच सांगते, खोलीतलं झाकण काढल्यासारखं झालं. "आता खर्जाकडं कान द्या की," चाचा म्हणाले. खर्जाची तार म्हणजे खालचा सा, पण त्या सा च्या पोटातून गांधार, म्हणजे ग, येत होता, स्पष्ट, एकही तार गांधारात लावलेली नसताना. स्वयंभू गांधार म्हणतात तो हाच. मोठ्या हॉलमध्ये मला तो असा कधीच ऐकू आला नव्हता, तिथे तबल्याचा मायक्रोफोनच एवढा वर असतो.

संध्याकाळी दर्ग्यात. आवारात चिंचेचं जुनं झाड आहे, त्याच्या खाली सभा. सतरंजीवर बसायचं. माझ्या एका बाजूला उरुसाला आलेली बाई मांडीवर झोपलेलं पोर घेऊन, दुसऱ्या बाजूला वही घेऊन बसलेले निवृत्त मास्तर टाइप काका. गर्दी होती, धक्काबुक्की नव्हती, पण चपला सांभाळा. सत्कार इथेही झाला, मात्र हार घातला, फोटो काढला, संपलं.

आधीच्या गवयाने मधुवंती रागिणी गायली होती, बरी होती. मग मगरिबची अजान झाली, तोवर सगळं थांबलेलं. नंतरच्या बाईंना पूरिया राग गायचा होता, आणि पूरियात पंचम, म्हणजे प, नसतो, म्हणून दोन्ही तानपुऱ्यांची पहिली तार पंचमावरून चढवून निषादावर, म्हणजे नि वर, न्यायची. एरवी हे काम आत पडद्यामागे उरकतात. इथे पडदाच नाही. मागे बसलेली त्यांची शिष्या, असेल विशीची, खुंटी पिळतेय, खुंटी सरकतेय, तिने पर्समधून खडू काढून खुंटीला लावला, परत पिळली. तार तुटते की काय म्हणून मीच दात आवळून बसले होते. बाई मान न वळवता नुसता तळहात वर करत होत्या, अजून, अजून. मग सूर बारीक जुळवायचा तारेवरचा मणी जरासा हलवला आणि तळहात थांबला.

कुणी उठलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वहीवाल्या काकांनी डोळे मिटून घेतले. आणि मला एकदम ते ऐकू आलं, पहिल्या तारेत निषाद, खर्जातून येणारा गांधार. पूरियाचे वादी-संवादी, म्हणजे रागातले सगळ्यात महत्त्वाचे सूर, हेच दोन! बाईंनी तोंड उघडायच्या आधी राग सुरू झालेला होता. खाँसाहेबांना सुराचं एवढं वेड का होतं, सांगलीचे संगीत अभ्यासक देवल यांच्याबरोबर ते श्रुतींच्या, म्हणजे सुरांमधल्या बारीक अंतरांच्या, मागे का लागले होते, स्वतः वाद्यं का खोलून बसायचे, हे मी वाचलेलं होतं, पण मला ते तिथे त्या दहा मिनिटांत पोचलं. मग बाई गायल्या. उत्तम गायल्या, विलंबितात, म्हणजे संथ लयीत, कोमल रिषभ इतका सावकाश लावला की शेजारच्या पोराने झोपेत कूस बदलली तेवढाच आवाज. पण मला विचाराल तर ती तार चढवण्याची दहा मिनिटं मी त्या सगळ्या ख्यालाच्या वर ठेवेन, मित्राला हे मुळीच पटलेलं नाही, अजून भांडतो.

दुसऱ्या दिवशी खिद्रापूरला जाऊन आलो. कोपेश्वराचं मंदिर सुंदर आहे, बघा, त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. परतीच्या गाडीत आरएसी.

आता झालंय असं की मी कुठल्याही कार्यक्रमाला बराच वेळ आधी जाऊन ग्रीनरूमच्या दाराशी घुटमळते, तानपुरे लावतानाचा आवाज येतो का बघायला. मागच्याच आठवड्यात सिक्युरिटीवाल्याने हटकलं, "मॅडम, सेल्फीवाली लाइन नंतर लागेल." मी म्हटलं सेल्फी नको, मला नुसतं इथे उभं राहू द्या. नाही म्हणाला.