संपात हुकलेली कोकणकन्या

शिमग्यात पालखी आमच्या घरी येते, त्या दिवशी सगळ्यांनी हजर असावे असा आईचा आग्रह असतो. त्यासाठी जर्मनीत नोकरी करणाऱ्या माझ्या पुतणीने फ्रँकफुर्ट ते मुंबई विमानाचे तिकीट काढले होते आणि त्याला जोडून कोकणकन्येचे कणकवलीपर्यंतचे आरक्षण केले होते. ती फ्रँकफुर्टला पोचली आणि केबिन कर्मचाऱ्यांच्या संपामुळे विमान रद्द झाल्याचा संदेश आला. तिने लगेच मला फोन केला. "काका, पैसे परत घेऊन मोकळी होऊ का?"

मी तिला घाई करू नकोस असे सांगितले. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमानुसार विमान रद्द झाल्यावर तिकिटाचे पैसे परत घ्यायचे की दुसऱ्या विमानाने जायचे, हे प्रवाशाने ठरवायचे असते. मात्र पैसे स्वीकारले की आपल्याला पोचवण्याची आणि तोवर जेवणाखाण्याची व राहण्याची सोय करण्याची कंपनीची जबाबदारी संपते. तिने दुसरे विमान मागितले. ते दोन दिवसांनी मिळाले आणि हॉटेलचा खर्च कंपनीला करावा लागला.

नुकसानभरपाई ही याहून वेगळी गोष्ट आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेकांची गल्लत इथेच होते. अंतर ३,५०० किलोमीटरपेक्षा जास्त असेल आणि १४ दिवस आधी सूचना मिळाली नसेल, तर माणशी ६०० युरो देय होतात. कंपनीने आधी उत्तर पाठवले की संप आमच्या हाताबाहेरचा होता. परंतु युरोपीय न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये, वैमानिकांच्या संपाच्या प्रकरणात, कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांनी पगारासाठी केलेला कायदेशीर संप हा कंपनीच्या नेहमीच्या कारभाराचाच भाग असल्याचे म्हटले आहे. पुतणीने त्या निकालाचा दाखला दिला, आणि काही आठवड्यांनी पैसे जमा झाले. संप हवाई वाहतूक नियंत्रकांचा असता, तर ही रक्कम मिळाली नसती. जेवण आणि मुक्काम तेवढा मिळाला असता. रेल्वेचे तिकीट वेगळे असल्याने त्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. मी ते आरक्षण वेळेत रद्द केले म्हणून थोडे पैसे तरी वाचले.

खेड, मंडणगड, श्रीवर्धन भागांतून आखातात जाणाऱ्या माणसांची गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. मुंबईहून भारतीय कंपनीच्या विमानाने दुबई किंवा मस्कतला जाताना युरोपचा नियम लागू होत नाही. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमात, ऐनवेळी रद्द झालेल्या उड्डाणासाठी प्रवासाच्या कालावधीनुसार कमाल ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपयांची भरपाई आहे. पण संप आणि कामगार तंटे त्यातून स्पष्ट शब्दांत वगळले आहेत. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या केबिन कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली, तेव्हा आखाताकडे जाणारे कितीतरी प्रवासी विमानतळांवरच अडकले. कर्मचाऱ्यांचा संपाचा हक्क मला मान्य आहे. तथापि मालक आणि कामगार यांच्यातला वाद ही पुरासारखी आपत्ती मानून त्याचा भार सुट्टी संपत आलेल्या गवंड्यावर टाकणे अन्यायाचे आहे, आणि हे कलम बदलले पाहिजे.

तोवर अशा प्रवाशाच्या हाती मुख्यतः पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा आहे. तेही टाळले गेले, तर सरकारच्या एअरसेवा या तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते. त्यासाठी विमान रद्द होण्याचे कारण काउंटरवरच लेखी मागून घ्यावे, कारण कंपनीने तिथे संपाऐवजी तांत्रिक बिघाड किंवा कामकाजाची अडचण लिहिली, तर भरपाईचा दावाही करता येतो.