दीड मूठ वर

सोलापूरला मे महिन्यात आम्ही गच्चीवर झोपायचो. पाणी मारून गार केलेली फरशी, वर सतरंजी, उशाशी तांब्या. रात्री पूर्वेला वीज लवायला लागली की आण्णा, म्हणजे आमचे आजोबा, पडल्या पडल्या निकाल द्यायचे, "नळदुर्गाकडं पडतोय."

आवाज मात्र नसायचा. गडगडाट फार तर पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत पोचतो. उजेडाला तसली अडचण नाही. वाढलेल्या ढगाचा माथा पंधरा किलोमीटर उंच असतो आणि मोकळ्या माळावरून तो तीनशे किलोमीटरवरूनही दिसू शकतो. आण्णांचं नळदुर्ग कधीकधी चक्क हैदराबाद असणार! हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

विजेशी आमचा संबंध खालच्या अंगानंच. आत्या पायाळू, ढग कडाडले की आजी तिला माजघरातून हलू द्यायची नाही. वीज खाली पडते, एवढंच आम्हाला ठाऊक. ढगाच्या डोक्यावरही काही घडत असेल, असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

वैमानिक बिचारे वर्षानुवर्षं सांगत होते. विल्सन नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञानं तर 1920च्या दशकातच असं घडू शकेल, हे कागदावर मांडलं होतं. पण पुरावा हाती लागला तो जुलै 1989मध्ये, तोही चुकून. मिनेसोटा विद्यापीठातली मंडळी रॉकेटवर बसवायचा कॅमेरा रात्रीच्या आकाशाकडे रोखून तपासत होती आणि दूरच्या वादळावर उभे दोन प्रकाशस्तंभ चित्रफितीत सापडले.

होतं असं. नेहमीची वीज ढगाच्या खालच्या भागातला ऋणभार जमिनीवर आणते. दहातली एखादी, किंवा त्याहूनही कमी, वरच्या पसरट भागातला धनभार घेऊन उतरते. ही फार दांडगी. एवढा भार एका झटक्यात निघून गेला की ढगाच्या वर पार आयनांबरापर्यंत, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरापर्यंत, विद्युतताण निर्माण होतो. सत्तर-ऐंशी किलोमीटरवरची हवा इतकी विरळ, की तेवढ्या ताणानंही ती उजळते. नायट्रोजनचा लाल रंग, वर झुबका आणि खाली लोंबणाऱ्या झिरमिळ्या, बराचसा जेलीफिशसारखा. सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

अलास्कातले शास्त्रज्ञ डेव्हिस सेंटमन यांनी याला 'स्प्राइट', म्हणजे चिमुकलं खोडकर भूत, म्हटलं. आपल्याला त्यावर शीतपेयाची हिरवी बाटलीच आठवणार. मला विचारलं असतं तर मी 'चकवा' सुचवलं असतं. याची भावंडंही आहेत. ढगाच्या माथ्यावरून निळ्या ज्वाळा उसळतात. 2015 साली अँड्रियास मोगेन्सेन या डॅनिश अंतराळवीरानं बंगालच्या उपसागरावरच्या ढगांचं चित्रण केलं, तेव्हा 160 सेकंदांत 245 निळे लखलखाट मोजले गेले. पण मला ओढ लागली ती लाल चकव्याचीच. कारण तो गच्चीवरून दिसू शकतो. अट एकच: पाऊस दुसऱ्याच्या गावाला हवा. ढगाखाली उभं राहणाऱ्याला तो दिसायचा नाही. आपलं आभाळ कोरडं आणि काळं पाहिजे.

हिशेब करून पाहिला. ढग तीनशे किलोमीटरवर असेल तर त्याचा लखलखाट क्षितिजाला जवळजवळ चिकटलेला. चकवा मात्र हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा, नाही, साधारण दीड मूठ वर. आम्ही इतकी वर्षं बरोबर दिशेला आणि दीड मूठ खाली बघत होतो.

परवा मे महिन्यात घरी गेले होते. रात्री पूर्वेला वीज लवायला लागली. मी कठड्याशी उभी राहिले, हात ताणून मूठ धरली, तिच्यावर दुसरी अर्धी, आणि त्यावरच्या काळोखावर नजर ठेवली. पापणी मिटायची नाही असं ठरवून. डोळ्यांत पाणी आलं.

आई सतरंजीवरून बघत होती. "अगं, वर काय बघतीस?" ती म्हणाली. "वीज खाली चमकतीय. नळदुर्गाकडं."