सॅकमध्ये मावणारा पंख

इंजिनाशिवाय उडणाऱ्या तिन्ही वाहनांचा स्वभाव डोंगराच्या पायथ्यालाच कळतो. ते सोबत कसं न्यायचं, एवढंच बघायचं. सेलप्लेन, म्हणजे ताठ पंखांचं बिनइंजिनाचं विमान, ट्रेलरमधून येतं. त्याला धावपट्टी लागते, वर ओढायला विमान किंवा दोर गुंडाळून खेचणारी विंच लागते, पंखाचं टोक धरून पळायला माणूस लागतो. हँगग्लायडर, म्हणजे नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेला कापडी पंख, गुंडाळला तरी पाचसहा मीटर लांब आणि तीसएक किलो वजनाचा; तो गाडीच्या टपावर बांधायचा आणि वर पोचल्यावर नळ्या, बॅटन (कापडाला आकार देणाऱ्या पट्ट्या), तारा जोडत बसायचं. पॅराग्लायडर, म्हणजे दोऱ्यांनी अंगाला जोडलेला कापडी पंख, मात्र विंग (पंख), हार्नेस (अंगावर बांधायची बैठक), रिझर्व्ह पॅराशूट आणि हेल्मेट धरून १२ ते १८ किलोंत सॅकमध्ये बसतो. चालत चढा, उडत उतरा, तीच सॅक पाठीला लावून पुढच्या मुक्कामाला निघा. भटक्या माणसाने यातलं काय निवडावं, हे मला विचारूच नका. मी उघड उघड पक्षपाती आहे.

पण या सोयीचे पैसे हवेत वळते होतात. शांत हवेत १ किलोमीटर उंची खर्चून शिकाऊ पॅराग्लायडर ८-९ किलोमीटर जातो, हँगग्लायडर १२ ते १५, चांगलं सेलप्लेन ४० च्या पुढे. वेगाचं तर बोलायलाच नको. ब्रेक, म्हणजे पंखाची मागची कड खाली ओढणाऱ्या दोऱ्या, मोकळे सोडले की पॅराग्लायडर ताशी ३६-३८ किलोमीटरने चालतो. समोरून ३० चा वारा आला की जमिनीवरून तुम्ही चालणाऱ्या माणसाच्या वेगाने सरकता. वारा आणखी वाढला तर उलटे, कड्यामागच्या रोटरकडे, म्हणजे गरगरणाऱ्या हवेकडे. म्हणून हँगग्लायडरवाले पंख जोडत असताना आम्ही पुष्कळदा गवतावर बसून असतो. जर्मन वैमानिक क्लाउस ओलमानने २००३ मध्ये अँडीज पर्वतावरच्या हवेच्या लाटांवर सेलप्लेनने ३,००० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. आमच्या कापडाने ती स्वप्नं बघू नयेत.

पॅराग्लायडरला सांगाडा नाही. पुढच्या कडेच्या तोंडांतून हवा आत शिरते आणि तीच त्याला आकार देते. १९७८ मध्ये फ्रान्समधल्या मियुसीच्या उतारावरून पॅराशूटवाले धावत सुटले आणि या खेळाला पाय फुटले. आजही खरं शिक्षण त्या पायांचंच असतं, आणि नेमकं तेच लोकांना टाळायचं असतं. सपाट मैदानावर पंख खेळवायला सांगितलं की चेहरे पडतात; सगळ्यांना पहिल्या दिवशी डोंगर हवा असतो. याचा मला मनापासून राग येतो.

या मैदानावरच्या सरावाला, म्हणजे ग्राउंड हँडलिंगला, मोकळं मैदान आणि ताशी १० ते २० किलोमीटरचा एकसारखा वारा हवा. वारा येतो त्या बाजूला झाडं, इमारती नकोत. पंख पाठीवर, कमानीसारखा पसरायचा, म्हणजे मधला भाग आधी भरतो. मागची कड आपल्याकडे, हवेची तोंडं वर. दोऱ्यांत काडी, गाठ, गुंता नाही हे डोळ्यांनी बघायचं. मग वाऱ्याकडे पाठ, पंखाकडे तोंड, ब्रेक हातात, ए रायझर (पंखाच्या पुढच्या दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे) बोटांत. आता ओढायचं ते हातांनी नाही, कमरेने. मागे रेला, एक-दोन पावलं मागे टाका, पंख वर येतो. ए रायझर हिसकले तर पुढची कड दुमडते, नाहीतर पंख डोक्यावरून पुढे झेपावतो. तो माथ्यावर यायच्या जरा आधी ए सोडायचे आणि ब्रेकचा हलका स्पर्श द्यायचा. उशिरा ब्रेक दिला की समोरून मिटलेला पंख अंगावर येतो.

पंख एका बाजूला कलला की प्रत्येक नवशिक्या आधी हाताने ओढाताण करतो. हात राहू द्या, पाय हलवा. ज्या बाजूला कलतोय तिकडे सरकून त्याच्या मधोमध खाली या, ब्रेक त्यानंतर. झोताने फरफटायला लागलात तर ब्रेक धरून बसू नका, त्याने ओढ वाढते. सी रायझर, म्हणजे मागच्या दोऱ्यांचे पट्टे, खेचा आणि पंखाच्या दिशेने धावा. पंख डोक्यावर स्थिरावला की दोऱ्यांची अढी सुटेल त्याच बाजूने वळायचं. उलट वळलात तर रायझरना पीळ पडून ब्रेक अडकतात. मग छाती पुढे काढून धावायचं. पाय सुटल्यासारखे वाटले की लगेच हार्नेसमध्ये बसायची घाई होते. पंखाने अजून पूर्ण भार घेतलेला नसतो, बूड जमिनीवर आपटतं.

आणि पायांचे पट्टे! हार्नेस चढवला की सर्वांत आधी तेच लावा, उतरवताना सर्वांत शेवटी सोडा. कुणाची तरी विंग सावरायला मधेच हार्नेस काढणारा माणूस परत घालताना पट्टे विसरतो. मग हवेत बगलांवर लटकायची वेळ येते. याने जीव गेलेले आहेत.

हवेत एक बाजू मिटली तर वजन उघड्या बाजूला टाकायचं, त्याच बाजूचा थोडा ब्रेक देऊन दिशा धरायची. घाबरून दोन्ही ब्रेक खाली ओढले की उडता पंख स्टॉल होतो, म्हणजे उचल गमावून पडतो. ए वर्गाचा, म्हणजे शिकाऊंसाठीचा, पंख बहुतेक वेळा स्वतःच उघडतो, फक्त त्याला सुचू द्यावं लागतं. हँगग्लायडर असा मिटत नाही, हे मान्य. पण त्याचं लँडिंग अवघड. दांडी ढकलायचा क्षण चुकला की नाक जमिनीत. सेलप्लेनमध्ये शिक्षक मागच्या सीटवर असतो, हे सुख आम्हाला नाही. आमच्या कानात फक्त रेडिओ.

उतरल्यावर पंख उन्हात पसरून गप्पा मारू नका, नायलॉन उन्हाने मरतं. ओला असेल तर सावलीत वाळवा. घडी घालण्याआधी सेलमध्ये, म्हणजे पंखाच्या कप्प्यांत, डोकवा. आत राहिलेला टोळ कापड कुरतडून वाट काढतो.