माझ्याकडून प्रमाद घडला

काम अर्ध्या तासाचं होतं. एका कारखान्यातल्या चौकशीची फाईल, त्यात एका तेलुगू कामगाराचा जबाब, त्याचं ध्वनिमुद्रण आणि तिथल्याच कुणीतरी केलेला मराठी अनुवाद. मी फक्त ताडून पाहायचा आणि खाली सही करायची. असल्या कामात बरेच जण मूळ ऐकतच नाहीत, मराठी शुद्ध दिसलं की सही ठोकतात. त्या दिवशी मीही त्याच बेतात होते.

पॉवर प्रेसमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. अनुवादाचं पहिलंच वाक्य: 'माझ्याकडून प्रमाद घडला.' बिनचूक मराठी. मी पुढे गेलेसुद्धा. मग वाटलं, प्रेसवर उभा राहणारा माणूस 'प्रमाद' कशाला म्हणेल? हेडफोन लावले.

तो म्हणत होता, 'प्रमादं जरिगिंदि.'

शब्द तोच, पण तेलुगूत प्रमादम् म्हणजे अपघात. धोकासुद्धा, धोक्याच्या पाटीवर तोच शब्द असतो. मराठीत प्रमाद म्हणजे चूक, तीही जरा भारदस्त, कबुली द्यावी अशी. मूळ संस्कृत शब्द 'मद्' धातूचा: झिंग, बेसावधपणा, हयगय. 'स्वाध्यायान्मा प्रमदः', म्हणजे अभ्यासात हयगय करू नकोस, या उपनिषदातल्या वचनातला तोच. मराठीने हयगय करणारा माणूस धरून ठेवला. तेलुगूने हयगयीतून ओढवणारं संकट ठेवलं आणि माणूस सोडून दिला. 'जरिगिंदि' म्हणजे नुसतं 'घडलं'. 'माझ्याकडून' हे अनुवाद करणाऱ्याने पदरचं घातलेलं.

मुद्दाम घातलं असेलच असं नाही. आपल्या भाषांमध्ये संस्कृत शब्दांइतके फसवे शब्द दुसरे नाहीत, कारण ओळखीचा चेहरा दिसला की आपण थांबत नाही. गुजरातीत 'आपघात' म्हणजे आत्महत्या, आणि अपघाताला ते 'अकस्मात' म्हणतात. बंगालीत 'अपघात' म्हणजे अपमृत्यू. विम्याच्या कागदावर यातला एक शब्द चुकून तसाच राहिला तर काय होईल, सांगायला नको.

पण खरी गोम पुढच्या वाक्यात होती. अनुवाद म्हणतो, 'मशीनचं गार्ड काढलेलं होतं.' गार्ड म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेली आडकाठी. कुणी? पत्ता नाही. ध्वनिमुद्रणात 'गार्ड तीसेशारु'. तेलुगू क्रियापदाच्या शेपटातच कर्ता बसलेला असतो. त्याने स्वतः काढलं असतं तर शेवटी 'नु' आला असता, तीसेशानु. मागे मशीनची घरघर होती, म्हणून मी ते चार सेकंद पुन्हा पुन्हा ऐकले. 'रु'च होता. म्हणजे काढणारा दुसरा कुणीतरी. पहिल्या वाक्यात नसलेला कर्ता आला, दुसऱ्यात असलेला गेला.

तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात एक अपवाद होता. कामगाराने सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढलं असेल, आणि इजेमुळे मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं नसेल, तर भरपाई नाकारता येत असे. दोन बोटं म्हणजे पूर्ण अपंगत्व नव्हे. सगळा दावा त्या एका अक्षरावर उभा होता.

काम देणाऱ्यांना मी फोन केला. पलीकडून उत्तर, ''मॅडम, प्रमाद काय नि अपघात काय, कळतंय की सगळ्यांना. फार तर 'घटना' करा.'' घटना तर लग्नही असते. 'अपघात' हा शब्दही काही धुतल्या तांदळासारखा नाही, हे मान्य. २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने आपल्या पानांवरून 'ॲक्सिडेंट' हा शब्द हद्दपार करायचं ठरवलं, कारण त्यातून 'टाळणं कुणाच्या हातात नव्हतं' असा सूर निघतो. 'अकस्मात' तर उघडच सांगतो: कस्मात् म्हणजे कशामुळे, आणि अकस्मात म्हणजे ज्याला 'कशामुळे' नाही. पोलीस त्याच नावाने मृत्यू नोंदवतात! त्या मानाने आपला अपघात बरा. त्यात निदान 'घात' तरी आहे, हन् धातूचा, म्हणजे मारणं आलं, आणि मारणाऱ्याची शंका आली. 'अपघात की घातपात' हा मथळा उगाच जुळत नाही.

मी दुरुस्ती लिहिली: 'अपघात झाला. त्यांनी गार्ड काढून टाकलं.' आणि तिथेच अडले. तेलुगूत 'त्यांनी' आणि 'तुम्ही' दोन्हींचं क्रियापद 'रु'नेच संपतं. समोर बसून प्रश्न विचारणारे लोक कारखान्याचेच होते. त्या शब्दाआधी तो क्षणभर थांबतो, कुणाची तरी खुर्ची सरकते, मग तो म्हणतो, तीसेशारु.

कामगाराला एकच प्रश्न विचारू द्या, असं कळवलं. इतक्या खोलात जायची गरज नाही, असं उत्तर आलं. 'त्यांनी' तसंच ठेवलं, 'तुम्ही' असाही अर्थ होतो अशी खाली दोन ओळींची टीप दिली आणि सही केली. ती टीप अंतिम प्रतीत राहिली का, हे मला कुणी कळवलं नाही.