'स्कोप'चा रकाना

भाचीने गेल्या आठवड्यात एक एक्सेल शीट पाठवली. तिला मेकॅनिकलच्या मास्टर्ससाठी जर्मनीत यायचंय. शीटमध्ये एकोणीस विषय, प्रत्येकापुढे क्रेडिट, भाषा, सेमिस्टर आणि शेवटी पिवळ्या रंगाने रंगवलेला एक रकाना: 'स्कोप'. त्यात कुठे 'हाय', कुठे 'मीडियम' आणि चार विषयांपुढे नुसती फुली. खाली मेसेज, "मावशी, बघून सांग ना, फुलीवाले उडवून टाकू का?"

त्या चारांत मेसटेख्निक होतं. म्हणजे मोजमापशास्त्र. गेली सात वर्षं माझं घरभाडं ज्याच्या जिवावर जातंय तोच विषय.

रागवायला तोंड नव्हतं, कारण 2016 मध्ये माझीही अशीच यादी होती. फक्त ती वहीच्या मागच्या पानावर होती आणि 'स्कोप'ऐवजी मी चांदण्या काढल्या होत्या. मेसटेख्निकला एकही नव्हती.

आपल्याकडे इंजिनिअरिंगला विषय विद्यापीठ ठरवतं. आपल्या वाट्याला एखाददुसरं इलेक्टिव्ह येतं, आणि तेही त्या वर्षी शिकवायला कोण मोकळं आहे त्यावर. त्यामुळे निवड करायची सवयच नसते. इथे एकदम मोडूलहांडबूख नावाचा ग्रंथ समोर येतो. आमचा काहीशे पानांचा होता. एकेका विषयाला एक-दोन पानं: कोण शिकवतं, परीक्षा लेखी की तोंडी, प्रयोगशाळा आहे का, आधी काय यायला हवं, किती क्रेडिट. दोन वर्षांच्या मास्टर्सला साधारण 120 क्रेडिट लागतात, म्हणजे सेमिस्टरला 30, आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचा अभ्यास धरलेला असतो. गुणाकार करून बघा. सेमिस्टरला 900 तासांपर्यंत जातं. हा हिशेब मी पहिल्या वर्षी केलाच नाही. ग्रंथही उघडला नाही. विषयांची नावं वाचली आणि चांदण्या मोजल्या.

रोबोटिक्स, मशीन लर्निंग, सिम्युलेशनचे दोन, आणखी दोन. पायऱ्यापायऱ्यांचा प्रचंड हॉल, बाक भरले की पोरं जिन्यावर बसायची. दहाचं लेक्चर सव्वादहाला सुरू होतं, तशी इथली जुनी रीत आहे. पहिलं लेक्चर संपलं आणि सगळ्यांनी मुठीने बाक बडवायला सुरुवात केली. माझ्या पोटात गोळा आला. आपल्याकडे बाक वाजले म्हणजे मास्तरांची धडगत नाही. इथे त्या टाळ्या असतात.

रोबोटिक्समध्ये नापास झाले. इथे 1.0 म्हणजे उत्तम, 4.0 ला काठावर पास आणि 5.0 म्हणजे गेलात. मला 5.0. केटी घेऊन निवांत पुढच्या वर्षात जाणाऱ्यांच्या देशातून आलेल्या मला तेव्हा कुठे कळलं, की आमच्या नियमावलीत एका पेपरला तीनच संधी आहेत. तिसऱ्यांदा गेलात की विद्यापीठातून नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडे घेणंही सहसा बंद होतं. दुसऱ्या खेपेला 3.7 घेऊन सुटले. सुटले ते कशामुळे, तर फाखशाफ्टमुळे. ही त्या त्या विभागाच्या विद्यार्थ्यांची संघटना. त्यांच्या खोलीत मागच्या वर्षांचे पेपर मिळतात. ती खोली कॉफीच्या मशीनशेजारीच होती. सहा महिने मी तिथून कॉफी घेऊन जात होते आणि दारावरची पाटी वाचत नव्हते.

त्याच काळात संध्याकाळी पार्सलच्या गोदामात जात होते. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला तेव्हा वर्षाला 120 पूर्ण किंवा 240 अर्धे दिवस काम करता यायचं. मार्च 2024 पासून ते 140 आणि 280 झालेत. अर्धा दिवस म्हणजे चार तास. किमान वेतन 2017 मध्ये तासाला 8.84 युरो होतं, आता 2026 च्या जानेवारीपासून 13.90 आहे. गोदामाबद्दल लिहिताना श्रमप्रतिष्ठा शिकले वगैरे म्हणायची पद्धत आहे. मी पाठदुखी आणि आकडे शिकले. आकडे मात्र फार लवकर. बेल्टवर कोणी 'फिअर-उंट-त्सवान्त्सिश' ओरडलं की इतर देशांची पोरं गडबडायची, कारण त्यात चार आधी आणि वीस नंतर येतात. आपल्याला काय, आपण जन्मापासून चोवीसच म्हणतोय.

मेसटेख्निक घेतलं ते मंगळवारी सकाळी होतं म्हणून. सोमवार-बुधवारच्या पाळीला आड येत नव्हतं. याहून थोर कारण नव्हतं, आणि भाचीलाही मी हेच सांगितलं.

वर्गात अकरा जण. तिसऱ्या आठवड्यात मोजमापाच्या खोलीत पहिलं प्रात्यक्षिक. त्या खोलीचं तापमान बारा महिने 20 अंश ठेवतात, कारण जगभरात लांबीची मापं 20 अंशालाच धरली जातात. पुस्तकात वाचलेलं होतं. मला 100 मिलिमीटरचा पोलादी ठोकळा दिला होता आणि मशीन मोकळं व्हायची वाट बघत मी तो हातात खेळवत उभी होते. नंबर आला, मोजला, आकडा लिहिला. आमचा सहायक, तिथेच पीएचडी करणारा एक उंच मुलगा, शेजारी येऊन म्हणाला, "हा मघापासून तुझ्या हातात होता?" मी हो म्हटलं. "मग तू ठोकळा नाही मोजलास, तुझा हात मोजलास. ठेव तिथे. जा, कॉफी पिऊन ये."

अर्ध्या तासाने परत येऊन मोजला. आकडा सहा मायक्रॉनने उतरला होता. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्याही दहाव्या हिश्श्याहून कमी. पोलादाचा मीटरभर तुकडा एका अंशाला साडेअकरा मायक्रॉन वाढतो, त्या हिशेबाने माझ्या तळव्याने ठोकळा पाच अंशांनी तापवला होता. हे गणित मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही घेतले होते. पण त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्यासमोर घडलं. जर्नलमध्ये 'खबरदारी' या मथळ्याखाली आपण जे मागच्या बॅचचं उतरवून काढतो ना, ते खरं निघालं.

परीक्षा तोंडी, तीस मिनिटं. प्राध्यापकांनी एक दांडा टेबलावर ठेवला, ड्रॉइंग पुढे सरकवलं. व्यास 50 मिलिमीटर, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, 25 मायक्रॉन. कशाने मोजशील? मी म्हटलं, मायक्रोमीटरने. मायक्रोमीटर बरोबर आहे हे कशावरून? उरलेला सगळा वेळ त्या एकाच प्रश्नावर गेला. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सुरुवात केली, मध्येच इंग्रजीत गेले, त्यांनी चालवून घेतलं. 1.3 मिळाले. उठताना त्यांनी विचारलं, "सध्या कुठे काम करता?" गोदामाचं सांगितलं. म्हणाले, आमच्याकडे हिवीची एक जागा रिकामी आहे.

हिवी म्हणजे विद्यापीठातला विद्यार्थी-सहायक. माझा करार महिन्याला 40 तासांचा होता. पैसे किमान वेतनाच्या जरा वर, बस. पण हे काम त्या दिवसांच्या मर्यादेत मोजलं जात नाही, आणि जिथे शिकतोय तिथेच ते असतं. वर्षभर मी नमुने पुसले, लेबलं लावली, मापन यंत्राच्या टोकाचा माणकाचा इवलासा गोळा जपला, आणि आकडा विचित्र आला की आधी यंत्रावर नाही तर स्वतःवर संशय घ्यायला शिकले. या जागांच्या जाहिराती निघतात खऱ्या. पण अकरा जणांच्या वर्गात जाहिरातीआधी माणूस दिसतो. चारशेंच्या हॉलमध्ये प्राध्यापकांना मी कशी दिसणार होते?

2018 च्या उन्हाळ्यात गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत वेर्कश्टुडंट म्हणून लागले. हा इथला फार उपयोगी प्रकार आहे. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला 20 तासांपर्यंत काम आणि विम्याची कापाकापी कमी. मुलाखतीत विभागप्रमुखांनी विचारलं, मोजलेला आकडा खोटा आहे हे कसं ओळखाल? मी ठोकळ्याची आणि कॉफीची गोष्ट सांगितली. माझा सीव्ही त्यांनी उलटून ठेवला आणि पुढचा अर्धा तास त्यांच्या कारखान्यातल्या अशाच भानगडी ऐकवत बसले.

आठवड्याला 35 तासांचा अभ्यास आणि 20 तासांचं काम हे कागदावर बसतं, अंगाला बसत नाही. मी चारऐवजी पाच सेमिस्टर घेतले. घरी सांगताना जड गेलं. 'वर्ष गेलं का गं?' असा आईचा फोन आला. इथे आजतागायत कोणी विचारलेलं नाही. फक्त व्हिसाच्या मुदतीकडे आणि बँकेतल्या शिलकीकडे लक्ष ठेवावं लागतं.

इंटर्नशिप शोधणाऱ्यांनी एक प्रश्न तयार ठेवावा, कारण कंपनी तोच आधी विचारते: अभ्यासक्रमात सक्तीची आहे की स्वखुशीची? स्वखुशीची तीन महिन्यांपेक्षा लांबली की किमान वेतन द्यावं लागतं, सक्तीला ते बंधन नाही. त्यामुळे 'सक्तीची आहे' म्हटल्यावर आवाज मऊ होतात. अभ्यासक्रम निवडतानाच ती त्यात आहे का बघा.

आणि त्सॉयग्निस. नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारं प्रशस्तिपत्र. ते मागणं कायद्याने तुमचा हक्क आहे. माझ्यात लिहिलं होतं, 'यांनी सोपवलेली कामं आमच्या पूर्ण समाधानाप्रमाणे केली.' पूर्ण समाधान! मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. काकांनी हात जोडल्याच्या तीन इमोजी टाकल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दाखवलं, तर त्यांनी ओठ आवळले. म्हणाल्या, "अगं, हे तीन आहेत." तीन म्हणजे इथल्या शाळेतले तीन, मध्यम. ही ठरलेली भाषा असते. 'नेहमीच आमच्या संपूर्णतम समाधानाप्रमाणे' म्हणजे एक. व्याकरणाने पूर्णाचं पूर्णतम होत नाही, पण इथे होतं. 'नेहमीच पूर्ण समाधान' म्हणजे दोन. नुसतं 'समाधान' म्हणजे चार. आणि 'यांनी प्रयत्न केले' असं लिहिलं असेल तर तो कागद कोणाला दाखवू नये. बाईंनी मला साहेबांकडे पाठवलं. मी आपली घाबरत गेले, काय म्हणायचं ते चिठ्ठीवर लिहून. त्यांना वाईट लिहायचं नव्हतंच, कुठल्याशा साच्यातून उचललं होतं. त्यांनी 'श्टेट्स', म्हणजे नेहमीच, हा एक शब्द घातला आणि तीनाचे दोन झाले. 2019 च्या मार्चमध्ये पदवी हातात आली. त्यानंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, मला दोन पुरले. कागदावरच्या त्या एका शब्दाचा त्यात वाटा असावा असं मला आपलं वाटतं.

हे सगळं भाचीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे सगळ्यांनी मेसटेख्निकच घ्यायचं का?" अजिबात नाही. माझ्याबरोबर मशीन लर्निंगच्या हॉलमध्ये बसलेला एक जण आज त्यातच छान काम करतोय. पण त्याने तिथल्या प्रोजेक्टमध्ये बेअरिंगच्या आवाजाची रेकॉर्डिंग्ज गोळा करण्यात तीन महिने घालवले होते आणि मुलाखतीत तो त्याबद्दलच बोलला होता. मी त्याच विषयात स्लाइड पाठ केल्या होत्या. विषय एकच, मार्कही जवळपास सारखे. सेमिस्टर संपल्यावर माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. म्हणून म्हटलं, 'स्कोप' राहू दे बाजूला, त्या विषयात हाताने काय करायला मिळणार आहे ते आधी शोध. आणि एखादा तरी विषय असा घे, जिथे शिकवणाऱ्याला तुझं नाव माहीत होईल.

काल नवी शीट आली. 'स्कोप' आहे तिथेच आहे, पिवळाही आहे. त्याच्या शेजारी दोन नवे रकाने आलेत, 'तोंडी/लेखी' आणि 'वर्गात किती जण'. दोन्ही वरपासून खालपर्यंत रिकामे. खाली मेसेज, "मावशी, ते हांडबूख सगळं जर्मनमध्ये आहे गं."

मी लिहिलं, "हो. तिथूनच सुरुवात होते." मग ते फारच मावशीछाप वाटलं म्हणून खोडलं आणि पहिल्या पाच विषयांची माहिती वाचून रकाने भरून पाठवले. उरलेले चौदा तिने भरायचेत.